नाकावरची हळद

ही वही तिची आहे. पहिल्या आठ-दहा पानांवर गणितं आहेत, दोन ठिकाणी बाईंच्या लाल फुल्या, मग एका पानावर पेन्सिलीने काढलेलं घोड्याचं डोकं, आणि पुढची सगळी पानं कोरी. जाताना ती म्हणाली, "आत्या, टाकू नका, तुम्हाला मापं लिहायला होईल." मापं मी लिहीत नाही, ती माझ्या डोक्यात राहतात. म्हणून कोऱ्या पानांवर हेच लिहिते. चौथीनंतर सहीशिवाय मी फारसं काही लिहिलेलं नाही. कुठं चुकलं तर बघायला कोणी नाही, ते बरं आहे.

आमचं घर नांद्यात. घर म्हणजे आता चार मजली इमारत झाली आहे. खाली भाऊ आणि वहिनी राहतात, वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारे भाडेकरू, आणि मागच्या अंगाला, जिथं आमचा गोठा होता तिथं मी. गव्हाणी काढून फरशी बसवली, भिंतीला खिडकी पाडली, खिडकीशी माझं शिवणाचं मशीन. साडीला फॉल लाव, ब्लाऊज उसव, पॅन्टचे पाय आखूड कर, अशी कामं येतात. बायका खिडकीतून कापड देतात, मी खिडकीतूनच परत देते. आत कोणी येत नाही. लग्न होऊन दोन वर्षांत मी माहेरी परत आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा जो तो विचारायचा, काय झालं, का आलीस. म्हणून मी बोलणं कमी केलं. पुढं विचारणारे थांबले, पण माझं बोलणं काही परत आलं नाही.

खिडकीसमोर खळं आहे. पूर्वी तिथं मळणी चालायची. आता भावाने कोबा करून घेतला आहे आणि भाडेकरू तिथं गाड्या लावतात. अजून आम्ही त्याला खळंच म्हणतो.

जिची ही वही, ती दुसऱ्या मजल्यावर राहायला आली तेव्हा सातवीत होती. माणसं अमरावतीकडची, आई-वडील दोघंही ऑफिसात. शाळेची बस तिला साडेतीनला सोडायची आणि आई यायची आठला. म्हणून घराची चावी माझ्या खिडकीत ठेवलेली असायची. ती यायची, "काकू, चावी," म्हणायची. मी चावी द्यायचे. संध्याकाळभर वरून तिच्या चालण्याचा आवाज यायचा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. एकटं माणूस घरात कसं चालतं ते मला कळतं.

दिवाळीला भावाच्या मुली सासरहून आल्या, त्या मला आत्या म्हणतात ते हिनं ऐकलं. दिवाळीनंतर खिडकीशी आली आणि म्हणाली, "आत्या, चावी." मी तिच्याकडं बघितलं. ती लाजली. पण तेव्हापासून आत्याच.

एक दिवस चावी घेऊन ती गेलीच नाही. खिडकीशी उभी राहिली, हातात वडिलांची जुनी करडी पॅन्ट.

"आत्या, तुम्ही घोडा शिवाल का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने मोबाईल काढून दाखवला. कुठल्यातरी थंडीच्या देशातल्या मुली. चांगल्या मोठ्या मुली, चौदा-पंधरा वर्षांच्या. प्रत्येकीच्या दोन पायांत एक काठी, काठीच्या पुढच्या टोकाला कापडी घोड्याचं तोंड, आणि त्या घोड्यासारख्या पळत होत्या, गुडघे उचलून. मध्ये आडव्या दांड्या लावलेल्या, त्यांवरून उड्या मारत होत्या. बाजूला माणसं बसून टाळ्या वाजवत होती. कोणी हसत नव्हतं.

"हा खेळ आहे आत्या. खरा. मॅचेस असतात याच्या. इकडं पण सुरू झालाय, पुण्यात मुलींचे ग्रुप आहेत. विकतचा घोडा आई नाही म्हणते."

मी पॅन्ट हातात घेतली. कापड चांगलं होतं, जाड. "बघते," म्हटलं. त्या दिवसात मी उच्चारलेला तो पहिला शब्द असावा.

मी घोडा जवळून कधी पाहिला नव्हता. वरातीतला पाहिला, पण त्यावर झालर आणि कागदी फुलंच दिसतात. बैलगाड्यांच्या शर्यतीत पुढं घोडी पळते, ती लांबून पाहिलेली. तिने वहीच्या पानावर तोंड काढून दिलं, त्यावरून मी कागद कापला, कागदावरून कापड. कानांच्या आत गुलाबी ब्लाऊजपीस लावला. डोळ्यांना कोटाची काळी बटणं. आयाळीला वहिनीच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर. जुन्या उशीचा कापूस दाबून भरला आणि मानेत खोऱ्याचा दांडा घालून सुतळीने आवळला. पाच दिवस गेले. या पाच दिवसांत ती रोज आत येऊन बसली, गव्हाण होती त्या जागी, आणि शाळेतलं सांगत राहिली. शाळेत तिच्याशी मुली फारशा बोलत नाहीत. ती "का"ला "काहून" म्हणते, म्हणून तिला चिडवतात. "तिकडं सगळेच म्हणतात ना," ती म्हणाली. "मी आता काहीच म्हणत नाही."

शेवटच्या दिवशी ती यायच्या आधी मी तोंड पुरं केलं आणि समोर धरून बघितलं. काहीतरी राहिलं आहे असं वाटत होतं. मग कळलं काय राहिलं. मी दाभण घेतला, नाकाच्या पाळीतून आरपार भोक पाडलं आणि लाल नाडीची वेसण घातली. नाडीची दोन्ही टोकं कानांमागून वर नेली. आणि हात आपोआप फडताळाकडं गेला. डबीतली चिमूटभर हळद घेऊन मी त्या भोकाला लावली.

आमच्यात खोंडाला पहिली वेसण घालायचे तेव्हा वडील मला बोलवायचे. खोंड हंबरायचा, चार माणसं त्याला धरायची, आणि वेसण ओवून झाली की मी पुढं होऊन त्याच्या नाकाला हळद लावायची, जखम पिकू नये म्हणून. तेवढं काम माझं. माझ्या हातून खोंड हळद लावून घेतो, असं वडील म्हणायचे.

ती आली, घोडा बघून किंचाळलीच. गळ्यात पडेल असं वाटलं, पण पडली नाही. मग नाकाकडं बघून थांबली.

"हे काय आहे आत्या?"

"वेसण."

"घोड्याला नाकात नसते दोरी. त्याला लगाम असतो. तोंडात."

"मग वळतो कसा?"

"तोंडातल्या तोंडात. नुसतं जरासं ओढायचं. नाकात काय, त्याला दुखेल की."

मला इतकी शरम वाटली की मी घोडा तिच्या हातातून घेतला आणि लगेच नाडी काढायला बसले. एवढं वय झालं आणि घोड्याचा बैल करून ठेवला. भोक दोऱ्याने बुजवलं, तोंडाच्या दोन कडांना नाडी शिवून लगाम केला. पण हळद निघेना. करड्या कापडावर पिवळा डाग, रुपयाएवढा. साबण लावला तर लालसर झाला, वाळला की परत पिवळा.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला लागलं होतं आणि बरं झालं, असं आहे ते."

खळ्यातल्या गाड्या दिवसा कामाला गेलेल्या असत. ती चार वाजता खाली उतरायची. दांडा बाभळीचा, जड; दोन दिवसांत तिचे हात दुखायला लागले, म्हणून मी वेळूची काठी घालून दिली आणि जुना दांडा कोपऱ्यात ठेवला. बोअरचे उरलेले पाइप होते, ते विटांवर आडवे ठेवून उड्या. आधी एक वीट, मग दोन, मग तीन. मी मशीनवरून बघायची. पहिल्यांदा मलाही ते खुळ्यासारखं दिसलं, खोटं का सांगू. मग एकदा मी वरचं धड आणि खालचे पाय वेगवेगळे बघितले. वर ती ताठ बसली होती, हात शांत, मान सरळ. खाली पाय उधळत होते.

मी तिला तसं सांगितलं. ती लाल झाली आनंदाने. "तेच तर आहे आत्या! पाय घोड्याचे, हात माझे. दोन्ही मीच."

शेजारच्या गल्लीतली पोरं कुंपणाशी जमायला लागली. "वरात कुटं निघाली गं? नवरदेव मागं ऱ्हायला!" "आगं, घोड्याला हरभरं घाल, दमलाय त्यो!" एक म्हातारी दूध घालून जाताना थांबली आणि वहिनीला म्हणाली, "पोरगी घोडनवरी झाली की घोड्यावर बसवत्यात व्हय गं आता?" वहिनी हसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, तुमी पन काय त्या पोरीच्या नादी लागलाय." मी मान खाली घालून मशीन चालवलं. तिला मात्र ऐकू येत नव्हतं, किंवा येत असेल तरी तिचे हात हलत नव्हते.

तिने कोणा मुलीला फोटो पाठवला, त्या मुलीने दुसरीला. थंडी संपेपर्यंत समोरच्या मोठ्या सोसायटीतल्या सहा मुली रविवारी यायला लागल्या. सगळ्यांना घोडे पाहिजेत. कोणी जुनी जीन्स आणली, कोणी पडदा. मी शिवत गेले. पहिला तयार झाला, त्या मुलीने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "याला तो पिवळा टिपका नाहीये?"

मी म्हटलं, "तो चुकून पडलेला."

"मला पण पाहिजे."

मग मी प्रत्येकाच्या नाकाला हळद लावली. भोक न पाडता. सातही घोड्यांना. रविवारी सकाळी माझ्या गोठ्यात सात मुली बसायच्या, आयाळी विंचरायच्या, एकमेकींचे लगाम बांधायच्या, आत्या हे, आत्या ते. मला उत्तरं द्यावी लागायची. रात्री अंथरुणावर पडलं की जबडा दुखतो आहे असं वाटायचं. बोलून.

पण रविवारी गाड्या घरी असतात. मुली भाडेकरूंना हाक मारून गाड्या काढायला लावायच्या, गाड्या रस्त्यावर गेल्या की रस्ता अडायचा, कोणीतरी भावाकडं तक्रार करायचं. एक दिवस भाऊ खिडकीशी आला. तो खिडकीशी कधी येत नाही.

"वरच्यांचं अकरा म्हैनं भरत आलंय," तो म्हणाला. "करार म्होरं न्हाई वाढवायचा. आयटीतली चार पोरं तयार हायेत, एकटीच ऱ्हात्यात, कटकट न्हाई."

मी सुई हातात धरून बसले.

"हे घोडं-बिडं बास झालं. गावात हसं व्हतंय. परवा पंचायतीत एक जन मला म्हनला, काय पाटील, पागा काढली म्हनं." तो स्वतःच थोडं हसला. मग म्हणाला, "त्यास्नी तूच सांग. मला त्या शिकल्याल्या बाईशी बोलाया जमत न्हाई. पोरगी तुज्यापाशीच असती. येत्या रविवारपत्तूर सांग, म्हंजे त्यास्नी दुसरीकडं बघाया येळ भेटल."

मी मान हलवली. भाऊ गेला.

मान हलवणं मला येतं. लहानपणी या खळ्यात आम्ही बैल-बैल खेळायचो. जुनी दोरी माझ्या खांद्यांवरून घ्यायची, भाऊ मागून कासरा धरायचा, हाऽऽ म्हणायचा, आणि मी पळायची. भाऊ नेहमी गाडीवान. एकदा मी म्हटलं, आता तू बैल हो. तर तो म्हणाला, "बैल बोलत न्हाई." आणि मी गप्प झाले, कारण ते खरं होतं, बैल बोलत नाही. पुढं वडील गेल्यावर हक्कसोड करायला आम्ही पौडला कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "बाई, स्वखुशीने सोडताय ना?" मी मान हलवली. भावाने मला राहायला गोठा दिला, मशीन घेऊन दिलं, कधी वाईट बोलला नाही. मला जमिनीचं काही नव्हतं, आजही नाही. पण "हो" एवढंसुद्धा मी तोंडाने म्हटलं नव्हतं.

आता मला तिला सांगायचं होतं, तुम्ही जा. आठवडाभर ती रोज चावी घ्यायला आली आणि रोज मी चावीच दिली.

त्या रविवारी मुलींची पहिली स्पर्धा होती. कासार आंबोलीला एका मुलीच्या काकांचा शनिवार-रविवारचा बंगला आहे, त्याच्या हिरवळीवर. ती म्हणाली, आत्या आल्याच पाहिजेत, घोड्याला काही झालं तर कोण शिवणार. मी नाही म्हणणार होते, पण तिची आई खाली आली आणि म्हणाली, "चला ना ताई. ही आठवडाभर एकच लावून राहिली, आत्या आत्या." मग मी सुईदोरा, कात्री, हळदीची डबी पिशवीत घातली आणि गाडीत मागं बसले, तिच्या घोड्याची मान मांडीवर घेऊन. लवळे गेलं, पिरंगुट गेलं. या रस्त्याने मी शेवटची गेले ती हक्कसोडीच्या दिवशी, एसटीने. तेव्हा खिडकीतून शेतं दिसली होती. आता बोर्डच बोर्ड.

हिरवळीवर तीसेक मुली होत्या, सगळ्या पुण्याकडच्या. एवढे घोडे मी जन्मात एका जागी पाहिले नव्हते. काळे, तांबडे, एक तर निळासुद्धा. मी झाडामागं उभी राहिले. आया खुर्च्यांवर बसल्या होत्या, बाटल्यांतून पाणी पीत. पंच म्हणून एक जरा मोठी मुलगी, हातात शिट्टी. एकेक जण यायची, वाकून नमस्कार करायची, घोडीसारखी पावलं टाकायची आणि दांड्यांवरून जायची. दांडी पडली तर गुण जायचे. पडली तरी बाकीच्या ओरडायच्या, "चल चल चल!"

आमच्या मुली एका रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा त्या पंच मुलीने सातही घोड्यांच्या नाकांकडं बघितलं. "हा यलो स्पॉट काय आहे? तुमच्या तबेल्याचा मार्क का?"

"तबेला नाही," ती म्हणाली. "गोठा. आमच्या आत्यांचा गोठा आहे." आणि तिने माझ्याकडं हात केला, झाडामागं. तीस मुली वळून बघायला लागल्या. मला पळून जावंसं वाटलं. पण त्या हसत नव्हत्या. एकीने येऊन विचारलं, "आँटी, हळदीने घोडा जास्त उडी मारतो का?" मी म्हटलं, "जखम पिकत नाही." ती गंभीरपणे मान हलवून गेली.

आमच्या वरच्या पोरीचा नंबर आला. पहिल्या चार दांड्या तिने सहज पार केल्या. शेवटची उंच होती, कमरेच्या जरा खाली. ती आली, पाय उधळले, वर गेली. मला तिचे हात दिसले, लगामावर, अगदी हलके. मागचा पाय दांडीला लागला आणि दांडी पडली. ती तशीच पळत पुढं गेली, थांबली, परत वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं बघून हसली, जणू जिंकली आहे. बक्षीस निळ्या घोड्याला मिळालं. येताना गाडीत ती झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आणि घोड्याचं मांडीवर. अंग हलवायचं नाही म्हणून मी घरापर्यंत तशीच बसले.

उतरले तेव्हा दिवस मावळायला आला होता. भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याने मला बघून विचारलं, "सांगितलंस का त्यास्नी?"

मी पिशवी खाली ठेवली.

"न्हाई," मी म्हटलं.

"मग कधी सांगनार?"

"सांगनार न्हाई. त्यांचा करार वाढव, दादा."

भावाने कप बशीत ठेवला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता, कोणीतरी मागून बोलत असल्यासारखा. पण तो थांबेना. मी म्हटलं, "आनी रविवारी खळ्यात गाड्या लावायच्या न्हाईत. म्होरं लावा, रस्त्याच्या कडंला जागा हाय. खळं पोरींना पायजे."

"कुनाला पायजे?"

"पोरींना. आनी मला."

मग भावाने वहिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "बघ. बैल बोलाया लागला." त्याच्या ते लक्षात होतं हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. कप उचलून उरलेला चहा प्यायला आणि म्हणाला, "बरं. आनखी अकरा म्हैनं. खळं बी मोकळं करतो. कदी काय मागितलं न्हाईस तू." मग आत जाता जाता म्हणाला, "आधी तरी बोलायचं व्हतंस."

कधी आधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. वर जाऊन करार वाढल्याचं सांगायचं ठरवलं होतं. काय बोलायचं ते मशीनवर बसून दोनदा पुटपुटून बघितलं. तेवढ्यात तिची आईच खिडकीशी आली. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"ताई, तोंड गोड करा. आमचा फ्लॅट ताब्यात आला. वाकडला घेतला होता ना, दोन वर्षं झाली रखडला होता. काल गाडीतच सांगणार होते, पण म्हटलं हिची स्पर्धा होऊ द्या." ती बोलत होती, किल्ल्या कधी मिळाल्या, स्वयंपाकघराचं काम कधी होईल. "करार पण याच महिन्यात संपून राहिला, म्हणजे बरंच झालं. दादांना तुम्ही सांगाल का? मला त्यांच्याशी बोलायला जरा अवघडच होते."

मी पेढा घेतला. "सांगते," म्हटलं.

भावाला मी सांगितलं. त्याने माझ्याकडं बघितलं आणि चपला घालून खळ्यात जाऊन उभा राहिला.

ती गेली त्या दिवशी टेंपोत सामान चढत होतं आणि ती माझ्याकडं बसून होती. रडली नाही. नवीन सोसायटीत बाग आहे, म्हणाली, तिथं रविवारी सगळ्या जमणार आहेत, समोरच्या सोसायटीतल्या मुलींना त्यांच्या आया गाडीने सोडणार. "तुम्ही पण या आत्या. आई न्यायला येईल." मी हो म्हटलं. तिलाही माहीत होतं आणि मलाही. मग तिने कोपऱ्यातला बाभळीचा दांडा उचलला, सगळ्यात पहिला. आपल्या घोड्याची मान वेळूच्या काठीवरून काढली आणि त्या दांड्यावर घातली. सुतळी तिला नीट आवळता येईना, मी आवळून दिली.

"हा तुमच्याकडं राहू दे. मला दुसरा शिवून दिलाय ना तुम्ही, तपकिरी. ह्याला लागलेलं आहे, ह्याला तुमच्याजवळच बरं वाटेल." आणि वही दिली.

दोन महिने वहिनीच्या मोबाईलवर तिचा फोन यायचा. व्हिडिओ पाठवायची, बागेत आता बारा मुली आहेत, एक मुलगाही आहे. मग फोन थांबले. शाळेचा अभ्यास वाढला असेल.

वरच्या खोल्यांत चार मुलं राहायला आली आहेत. चांगली आहेत, आवाज नाही. चावी त्यांची त्यांच्याकडं असते. भावाने मात्र शब्द पाळला. रविवारी खळ्यात एकही गाडी लावू देत नाही. एकाने लावली होती तर भाऊ स्वतः वर गेला आणि त्याला उठवून काढायला लावली. रविवारी सकाळी खळं मोकळं असतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी ते झाडते. विटा आणि पाइप भिंतीशी रचून ठेवलेले आहेत, ते कोणी हलवत नाही.

गेल्या रविवारी भाऊ-वहिनी लग्नाला गेले होते. मुलं झोपलेली. मी झाडून झाल्यावर केरसुणी ठेवली, आत गेले आणि घोडा बाहेर आणला. त्याच्या नाकाची हळद आता फिकट झाली आहे, मी परत लावली. मग एक पाइप घेतला आणि विटांवर आडवा ठेवला. एकच वीट दोन्हीकडं. साडीचा काष्टा खोचला. दांडा पायांत घेतला आणि लगाम धरला, ती धरायची तसा, हलका. कोणी मागून हाऽऽ म्हणेल असं वाटून मी क्षणभर थांबले. मागं कोणी नव्हतं. मग मी पळाले. पाच-सहा पावलं झाली, पाइप आला, आणि मी उडी मारली.

पाय लागला. पाइप पडून घरंगळत गाडीच्या जुन्या तेलाच्या डागापर्यंत गेला. मी इकडंतिकडं बघितलं, मग जाऊन तो उचलला आणि परत विटांवर ठेवला.